उतारशाळेतला माणूस



जुलै महिन्याचा चौथा रविवार जवळ आला आहे. २०२१ सालापासून ख्रिस्तसभा हा दिवस आजी-आजोबांचा आणि वृद्धांचा जागतिक दिन म्हणून पाळते. पोप फ्रान्सिस ह्यांनी तो सुरू केला. प्रभू येशूचे आजी-आजोबा संत योआकिम व संत ॲना ह्यांचा सण २६ जुलैला येतो, म्हणून त्या सणाजवळचा रविवार त्यांनी निवडला. त्या दिवशी मिस्सेला आपले आजी-आजोबा पुढच्या बाकांवर बसतील, नातवंडे त्यांना फुले देतील, फोटो निघतील. हे सारे चांगलेच आहे.

परंतु काही आजी-आजोबा त्या दिवशी चर्चमध्ये दिसणार नाहीत. ते वृद्धाश्रमात आहेत. त्यांच्यापैकी कुणी तासन्‌तास खिडकीकडे पाहत बसतात, कुणी संध्याकाळ झाली की "घरी जायचंय" म्हणून दाराशी जातात, कुणी रात्री ओरडतात आणि कुणी दुपारीदेखील गुंगीत असतात. त्यांच्या मनाच्या आजाराविषयी आणि त्यांना मिळणाऱ्या गोळ्यांविषयी वेदीवरून क्वचितच बोलले जाते. आज आपण त्याविषयीच थोडे मनन करू या.

तेल, द्राक्षारस आणि उतारशाळा

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. याजक आणि लेवी जखमी माणसाला ओलांडून गेले, शोमरोनी थांबला. बहुतेक वेळा आपले मनन इथेच संपते. पण येशूने गोष्ट पुढेही सांगितली आहे.

शोमरोनी माणसाने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. हे त्या काळचे औषध होते. म्हणजे त्याने केवळ प्रार्थना केली नाही, उपचार केले. नंतर त्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि रात्रभर स्वतः त्याची शुश्रूषा केली. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, त्याची काळजी घ्यायला सांगितले आणि आणखी खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन, असा शब्द दिला.

ह्या उतारशाळेकडे जरा नीट पाहा. शोमरोनी माणसाने जखमी माणसाला स्वतःच्या घरी नेले नाही. त्याला पुढे जायचे होते, त्याची कामे होती. त्याने त्याला दुसऱ्याच्या स्वाधीन केले, आणि तरीही येशूने त्यालाच खरा शेजारी म्हटले. का? कारण त्याने तीन गोष्टी केल्या : औषध दिले, खर्च उचलला आणि परत येण्याचा शब्द दिला.

आपल्या धर्मग्रामात अशी कुटुंबे आहेत, ज्यांनी आईला किंवा वडिलांना आश्रमात ठेवले आहे आणि ती गोष्ट शेजाऱ्यांपासून लपवली आहे. "लोक काय म्हणतील?" ही बोचणी त्यांना सतत लागलेली असते. त्यांना आम्ही सांगू इच्छितो : ज्या घरात दोघेही पहाटेची लोकल पकडून कामाला जातात, जिथे स्मृतिभ्रंश झालेली आई गॅस चालू ठेवून बाहेर पडते, जिथे रात्र-रात्र जागून सून स्वतः आजारी पडली आहे, तिथे चांगली उतारशाळा शोधणे हे पाप नाही. पैसे मोजून मागे वळूनही न पाहणे मात्र वेगळी गोष्ट आहे. २००७ सालचा ज्येष्ठ नागरिकांविषयीचा कायदाही वृद्ध आईबापांना सोडून देणे हा गुन्हा मानतो. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. परंतु परत येण्याचा शब्द कोणताही कायदा पाळायला लावू शकत नाही. तो प्रेमानेच पाळावा लागतो.

मनाचा आजार हाही आजारच

राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलिया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. हा तोच एलिया, ज्याने कर्मेल डोंगरावर देवासाठी एकट्याने झुंज दिली होती. त्याची श्रद्धा कमी नव्हती, तो खचला होता. देवाने त्याला काय केले? रागावला नाही. उपदेशही केला नाही. प्रथम त्याला झोपू दिले. मग देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले, गरम भाकर आणि पाणी दिले. पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. देवाशी संभाषण त्यानंतर झाले.

म्हाताऱ्या माणसाचे मन खचले की आपण पटकन म्हणतो, "वय झालं, असंच चालायचं," किंवा "प्रार्थना कमी पडते." काही जण तर बाहेरचे काही लागले आहे असे समजून भलत्याच दारी जातात. बंधुभगिनींनो, उदासीनता हा म्हातारपणाचा नियम नव्हे, तो आजार आहे आणि त्यावर इलाज आहे. जोडीदार गेल्यावर, घर सुटल्यावर, ऐकू येईनासे झाल्यावर तो गुपचूप येतो. जेवण कमी होते, पहाटे लवकर जाग येते, जपमाळ हातात असते पण मन लागत नाही, "मला आता देवाने न्यावं" हे वाक्य रोज ऐकू येते. कधीकधी हा आजार विसरभोळेपणासारखाही दिसतो आणि "म्हातारचळ" म्हणून सोडून दिला जातो.

स्मृतिभ्रंश हा निराळा आजार आहे. त्यात मेंदूच हळूहळू झिजत जातो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे शंभरातील सात जणांहून थोड्या अधिकांना. तेव्हा हे एखाद्या घराचे दुर्दैव किंवा कुणाच्या पापाचे फळ नव्हे.

जुन्या करारातील बेन सिराखच्या ग्रंथात दोन गोष्टी सांगितल्या आहेत, त्या इथे फार उपयोगी आहेत. तिसऱ्या अध्यायात तो मुलाला सांगतो, की बापाची बुद्धी चळली तरी त्याच्याशी सहनशीलतेने वाग, तू सशक्त आहेस म्हणून त्याला तुच्छ लेखू नकोस. आणि अडतिसाव्या अध्यायात तो सांगतो, की वैद्याला देवानेच नेमले आहे आणि औषधे देवानेच जमिनीतून निर्माण केली आहेत, म्हणून शहाण्याने ती नाकारू नयेत. म्हणजे सहनशीलता आणि औषध ह्यांचे भांडण नाही. एकाच ग्रंथात दोन्ही आहेत.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. उदासीनतेवरील, तीव्र भीतीवरील, भास होण्यावरील गोळ्यांनी अनेक वृद्धांना नवे जीवन मिळाले आहे. अशी गोळी घेणे ही श्रद्धेची उणीव नाही, जशी मधुमेहाची गोळी घेणे ही उणीव नाही. आणि पुढे जे लिहिले आहे ते वाचून कुणीही आपल्या किंवा आईवडिलांच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. अशी औषधे एकाएकी थांबवली तर त्रास वाढतो, कधी जिवावरही बेतते. जे काही करायचे ते डॉक्टरांशी बोलूनच.

गोळी कुणासाठी?

आता दुसरी बाजू. येशूने दाखल्यात सांगितलेले तेल जखमेवर ओतले होते, जखमी माणसाने कण्हू नये म्हणून त्याच्या तोंडावर नव्हे.

जगभरच्या वृद्धाश्रमांत गेल्या काही दशकांत एक गोष्ट दिसून आली. स्मृतिभ्रंश झालेला माणूस ओरडतो, फिरत राहतो, आंघोळीला विरोध करतो. काळजी घेणारे हात थोडे असतात. मग भास आणि भ्रम ह्यांसारख्या गंभीर मनोविकारांसाठी बनवलेली औषधे त्याला शांत ठेवण्यासाठी दिली जातात. माणूस शांत होतो खरा, पण कित्येकदा त्याबरोबर त्याचे चालणे, बोलणे, हसणेही शांत होते.

ह्याची किंमत मोजली गेली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १७ चाचण्या तपासल्या. त्यातील बहुतेक दहा आठवड्यांच्या होत्या. त्या काळात साधी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी सुमारे २.६ टक्के मरण पावले, तर ही औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के. म्हणून २००५ साली ह्या गटातील नव्या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीत धोक्याचा इशारा छापणे सक्तीचे झाले. २००८ साली जुन्या औषधांवरही तो आला. ब्रिटनमध्ये २००९ साली प्राध्यापक सुबे बॅनर्जी ह्यांनी सरकारसाठी अहवाल लिहिला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे तिथे स्मृतिभ्रंशाच्या सुमारे १,८०,००० रुग्णांना ही औषधे दिली जात होती. त्यांपैकी फार तर ३६,००० जणांना त्यांचा काही लाभ होत होता, आणि वर्षाला सुमारे १,८०० मृत्यू ह्या औषधांमुळे अधिक होत होते.

अमेरिकेत २०११ सालाच्या अखेरीस वृद्धाश्रमात दीर्घकाळ राहणाऱ्यांपैकी जवळजवळ २४ टक्क्यांना ही औषधे मिळत होती. २०१२ साली तिथल्या सरकारने ती कमी करण्याची मोहीम काढली आणि पुढील काही वर्षांत हा आकडा १५ टक्क्यांच्या आसपास आला. पण ह्या मोजणीतून स्किझोफ्रेनियाचे रुग्ण वगळलेले होते. २०२१ साली न्यूयॉर्क टाइम्स ह्या वृत्तपत्राने दाखवून दिले, की काही आश्रमांत पुरेसा आधार नसताना वृद्धांच्या कागदांवर स्किझोफ्रेनिया लिहिला जात होता. कागदावरचा आकडा सुधारला, पण खाटेवरच्या माणसाचे काय? म्हणून कागद पाहणाऱ्यापेक्षा माणूस पाहणारा कुणीतरी लागतो.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचेही तसेच आहे. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही नावे आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या डब्यात सापडतील. तरुण शरीरातून हे औषध लवकर निघून जाते, वृद्ध शरीरात ते रेंगाळते. रात्री बाथरूमला उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते, गोंधळलेपणा वाढतो. मग त्या गोंधळासाठी आणखी एक गोळी येते.

मार्कच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, गरसेकरांच्या प्रदेशातील एक माणूस आहे. लोकांनी त्याला पुष्कळदा साखळदंडांनी बांधले होते, पण तो ते तोडून टाकी आणि कबरस्थानात राहत असे. तो ओरडत असे. येशूने त्याला त्याचे नाव विचारले. त्याला बरे केल्यावर लोकांनी तो वस्त्रे नेसून शुद्धीवर बसलेला पाहिला, आणि येशूने त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे पाठवले. गावाला हवी होती शांतता. येशूला हवा होता माणूस. आजच्या साखळ्या लोखंडाच्या नसतात. त्या कधी पाण्याबरोबर गिळायच्या असतात.

ख्रिस्तसभेने हा विचार फार पूर्वी केला. मनाच्या आजारावरची ही नवी औषधे १९५० च्या दशकात आली. पोप बारावे पायस ह्यांनी १९५८ च्या सप्टेंबरमध्ये, आपल्या मृत्यूच्या एक महिना आधी, ह्या विषयाच्या शास्त्रज्ञांना रोममध्ये संबोधले. औषधांचे त्यांनी स्वागत केले आणि माणसाची प्रतिष्ठा हा त्यांच्या वापराचा पाया असला पाहिजे, ह्याची आठवणही दिली. आपल्यालाही हा एकच प्रश्न पुरेसा आहे : ही गोळी आजीच्या सुखासाठी आहे, की आपल्या सोयीसाठी?

ओरडण्यामागे काय असते?

ज्याचे शब्द हरवले आहेत तो आपले दुःख कसे सांगेल? ओरडून, हात झटकून, ताट ढकलून. नॉर्वेमध्ये १८ वृद्धाश्रमांतील ३५२ रुग्णांवर एक प्रयोग झाला. २०११ साली तो प्रसिद्ध झाला. अस्वस्थ होणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना पद्धतशीरपणे वेदनाशामक औषध दिले गेले, आणि बहुतेकांना त्यासाठी साधी पॅरासिटामॉल पुरली. आठ आठवड्यांत त्यांची अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे ज्याला आपण वेड समजतो ते कित्येकदा गुडघ्याचे दुखणे असते.

कधी लघवीचा जंतुसंसर्ग असतो, कधी बद्धकोष्ठ, कधी तहान. कधी चष्मा घरी राहिलेला असतो, कवळी टोचत असते, कानातल्या यंत्राचा सेल संपलेला असतो. कधी दुसऱ्याच आजारावरची गोळी गोंधळ घडवते. एखाद्या वृद्धाची बुद्धी दोन-तीन दिवसांत एकदम बिघडली तर तो स्मृतिभ्रंश नव्हे, तर शरीरातील एखाद्या आजाराची धोक्याची घंटा असू शकते. अशा वेळी ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

आणि कधी केवळ माणूस हवा असतो. ब्रिटनमधील ६९ आश्रमांत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सेवकांना शिकवले गेले, की प्रत्येक रुग्णाची आवड ओळखा आणि त्याच्याशी आठवड्याला तासभर तरी बोला, काहीतरी करा. तेवढ्याने रुग्णांचे जगणे सुधारले आणि अस्वस्थता कमी झाली. आठवड्याला एक तास! आपण रविवारी मिस्सेला देतो तेवढाच वेळ.

इथे आश्रमातील सिस्टर्स, नर्स आणि आया ह्यांच्याविषयी कृतज्ञतेने बोलले पाहिजे. दोघी-तिघींनी रात्रभर तीस जणांचे बघायचे, कपडे बदलायचे, शिव्याही ऐकायच्या, आणि महिनाअखेर तुटपुंजा पगार. आपल्या समाजातील मुलीही देशात आणि परदेशात हे काम करीत आहेत. त्यांना दोष देणे सोपे आहे. हात कमी असले की गोळी वाढते, हे खरे; पण आपल्यापैकी कुणी आठवड्याला एक तास तिथे दिला तर तेवढेच दोन हात वाढतात.

परत येण्याचा शब्द

शोमरोनी परत आल्यावर हिशेब विचारणार होता. प्रेमाने विचारलेला हिशेब कुणालाही अपमानकारक वाटत नाही. आपले माणूस आश्रमात असेल तर पुढच्या भेटीत नम्रपणे विचारा :

– आईला सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? त्यांची यादी मिळेल का?
– ही गोळी नेमकी कशासाठी आहे? कुणी आणि कधी सुरू केली?
– तिला कुठे दुखते का, पोट साफ होते का, रात्री झोप लागते का, हे पाहिले आहे का?
– ही गोळी किती दिवस द्यायची? डॉक्टर पुन्हा कधी तपासणार?
– गोळी सुरू झाल्यापासून ती जास्त झोपते का, पडली का, जेवण कमी झाले का?

आणि आपल्या बाजूनेही काही द्या. ती सकाळी उठल्याबरोबर चहा घेते की आधी प्रार्थना करते, तिला कोणती भक्तिगीते येतात, तिला घरी कोणत्या नावाने हाक मारतात, हे एका कागदावर लिहून आश्रमात द्या. ज्या आजीला मुलाचे नाव आठवत नाही, तीसुद्धा नमो मरियेची प्रार्थना सुरू केली की कित्येकदा शेवटपर्यंत म्हणते. शेजारी बसून तिच्याबरोबर एक दशक म्हणा. "आई, मी कोण, ओळखलंस का?" अशी परीक्षा मात्र घेऊ नका. "आई, मी आलोय," एवढे म्हणून हात धरा.

धर्मग्राम म्हणून आपण काय करू शकतो? विन्सेंट द पॉल सोसायटीचे सभासद आश्रमभेटी करतातच, त्यांच्याबरोबर प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आळीपाळीने एक रविवार घ्यावा. नाताळात केक घेऊन सगळेच जातात, पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी कुणी जात नाही. आश्रमात कुणाला पवित्र कम्युनियन किंवा रुग्णाभ्यंग हवे असेल, तर धर्मगुरूंना कळवा. रुग्णाभ्यंग हे केवळ मरणाऱ्यासाठी नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यालाही त्याचा आधार मिळू शकतो. आणि घरात कुणाचे मन फार खचले असेल, जीव नकोसा झाल्याची भाषा असेल, तर वाट पाहू नका. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाईन आहे.

१८३९ सालच्या थंडीत फ्रान्समधल्या सें-सेर्व्हां गावी जान जुगान नावाच्या एका गरीब मोलकरणीने एका आंधळ्या, लुळ्या म्हातारीला आपल्या घरी आणले आणि स्वतःचा बिछाना तिला दिला. एका बिछान्यापासून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा संघ उभा राहिला. आज मुंबईत अंधेरी येथेही त्यांचा वृद्धाश्रम आहे. पुढे जान जुगानलाच बाजूला सारले गेले. आपल्याच संघात तिने सत्तावीस वर्षे अज्ञातवासात काढली, म्हातारपणी तिची दृष्टी गेली आणि १८७९ साली ती देवाघरी गेली. २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी तिला संतपद दिले. वृद्धांची ही सेविका स्वतः एक विस्मरणात गेलेली वृद्धा होती.

योहानच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू पेत्राला सांगतो, की तरुणपणी तू स्वतः कंबर कसून हवे तिथे जात होतास, पण म्हातारा होशील तेव्हा हात पुढे करशील आणि दुसरा तुला बांधून तुझी इच्छा नाही तिथे नेईल. ते वचन पेत्राच्या हौतात्म्याविषयी आहे. तरीही प्रत्येक वृद्धाच्या पुढे केलेल्या हातांत ते आपल्याला दिसते. उद्या ते हात आपलेही असतील. आज आपण त्या हातांत काय ठेवतो, फक्त गोळी, की गोळीबरोबर आपलाही हात?

प्रभू येशू ख्रिस्ता, ज्यांचे मन थकले आहे आणि ज्यांची आठवण हरवली आहे, त्यांची नावे तुझ्या तळहातावर कोरलेली आहेत. त्यांचे दुखणे ओळखणारे डॉक्टर, त्यांना माणूस म्हणून वागवणारे सेवक आणि परत येणारी मुले त्यांना दे. आम्ही दिलेला शब्द पाळण्याचे बळ आम्हांला दे. संत ॲना व संत योआकिम, आमच्या आजी-आजोबांसाठी विनंती करा. आमेन.